रविवारची नाडी

दमलेल्या माणसाला पाहून ज्याचा चेहरा उजळतो असा सज्जन मी जन्मात एकच पाहिला, आणि दैवयोगाने आम्ही त्यांच्याच घरात भाडेकरू होतो. ह्यांची कस्टममधली बदली कलकत्त्याला झाली तेव्हा बेहाल्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. घरमालक खाली राहायचे. मराठी घराणं, पण तीन पिढ्या कलकत्त्यातच गेलेल्या. ते स्वतः कॉलेजात फिजिऑलॉजीचे प्राध्यापक, निवृत्तीला आलेले. आम्ही सामान घेऊन पोचलो त्या दिवशी ते जिन्याच्या वरच्या पायरीवर हातात घड्याळ घेऊन उभे होते. आम्हाला वाटलं, स्वागताला आलेत. हे ट्रंक आणि होल्डॉल घेऊन धापा टाकत वर आले, तशी त्यांनी ह्यांचं मनगट पकडलं आणि म्हणाले, "बोलू नका. बोललात की आकडा बिघडतो." तीन मिनिटं हे जिन्यात मुकाट उभे, मी खाली बादली घेऊन उभी. तीन मिनिटांनी त्यांनी मनगट सोडलं, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार. वय बत्तीस म्हणालात ना पत्रात? शरीर एक्केचाळिसाचं आहे. असो, चहा घ्या." ह्यांनी तो चहा घेतला, पण ते एक्केचाळीस पुढे कित्येक महिने ह्यांच्या मनात सलत होते.

काकांचं, म्हणजे आमच्या या घरमालकांचं, म्हणणं असं, की माणसाला दम किती लागतो याला काहीच अर्थ नाही, तो वाघाला पण लागतो. लागलेला दम किती वेळात परत जातो, त्यावरून खरं वय कळतं. जन्मतारीख ही म्युनिसिपालिटीची सोय. त्यांच्या खोलीच्या खिडकीचे गज गंजलेले होते आणि काकू कितीही मागे लागल्या तरी ते रंगवून घेत नसत, कारण विद्यार्थी घरी आले की त्यांना ते गज दाखवायचे. "हवेतला जो प्राणवायू याला खातो, तोच आपल्याला जगवतो आणि तोच आपल्यालाही गंजवतो. मग मला सांगा, पळणारा माणूस आपल्या दसपट प्राणवायू ओढतो. तो आपल्याआधी गंजायला हवा. गंजत का नाही?" मग स्वतःच सांगायचे, "शरीराला रोज थोडा गंज चढू दिला, की तो उतरवायची त्याला सवय लागते. अंगमेहनत म्हणजे दुसरं काय?" कॉलेजातले त्यांचे सहकारी या सिद्धांताला हसायचे. काकांना त्याचा राग येत नसे. हसल्यानंतर माणूस किती वेळात पूर्ववत होतो, तेही ते बघून ठेवायचे.

मैदानावर फुटबॉलचा सामना असला की ते छत्री घेऊन हटकून जायचे, आणि सगळी गॅलरी चेंडूकडे बघत असताना काका बाहेर काढलेल्या खेळाडूच्या छातीकडे बघत बसायचे. परत आल्यावर ह्यांनी विचारावं, कोण जिंकलं, तर म्हणायचे, "ते काही पाहिलं नाही बुवा, पण तो लेफ्ट आउट दोन मिनिटांत सावरला." वीज जायची तेव्हा सगळं शहर सरकारला शिव्या घालायचं. काका मात्र एखाद्या उंच ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभे राहायचे, कारण लिफ्ट बंद आणि साहेबापासून शिपायापर्यंत सगळे पायी. एकदा तर ते खिदिरपूरला गोदीच्या फाटकाशी पोती वाहून आलेल्या हमालांची मनगटं एकेक करून धरत होते. पहारेकऱ्याला वाटलं, हा घड्याळांच्या चोरट्या व्यापारातला माणूस. धरून आणला तो नेमका ह्यांच्या टेबलापुढे. "साहब, ये बूढ़ा सबका हाथ पकड़ता है," तो म्हणाला. हे काही बोलायच्या आत काकांनी त्या पहारेकऱ्याचंच मनगट धरलं आणि म्हणाले, "पन्नास पावलंच तर आलो आपण. इतकी धाप? बाबारे, जपून राहा." पहारेकरी घाबरून खाली बसला. मग ह्यांनी दोघांनाही पाणी दिलं.

गल्लीत अशी एक नाडी नव्हती जी काकांच्या वहीत नव्हती. पण त्यांच्या आयुष्याचं काम म्हणजे त्यांचा स्वतःचा रविवार. गेली सव्वीस वर्षं दर रविवारी सकाळी, सण असो की पाहुणे असोत, ते वीस इंच उंचीच्या एका बाकावर पाच मिनिटं चढउतार करायचे. ताल धरायला टकटक करणारं एक यंत्र होतं. पाच मिनिटं झाली की खुर्चीत बसायचं, एक मिनिट जाऊ द्यायचं आणि मग नाडी मोजायची. आता ती त्यांनी स्वतः मोजावी की नाही? नाही. "ज्याची परीक्षा त्यानेच पेपर तपासायचा नसतो, बौमा," ते मला सांगायचे. बौमा म्हणजे बंगालीत सूनबाई. ते मला तसंच म्हणायचे. "आणि मोजणारा माणूस बदलला की आकडा बदलतो. म्हणून पहिल्यापासून हीच मोजते." ही म्हणजे काकू. सांगलीच्या, कमी बोलणाऱ्या. त्या मनगट धरायच्या, ओठ हलवत मोजायच्या आणि म्हणायच्या, "एकशे चार." काका लिहायचे. कधी एकशे तीन, कधी एकशे पाच. नेमाने मेहनत करणाऱ्याचं शरीर म्हातारं होता होत नाही, याचा हा पुरावा. त्यावरचा निबंध ते येत्या डिसेंबरात परिषदेत वाचणार होते, आणि जे हसत होते ते सगळे समोर बसणार होते. निवृत्तीआधी त्यांना एवढं एकच हवं होतं.

त्या नोव्हेंबरात काकू भाच्याच्या लग्नाला महिनाभर सांगलीला गेल्या आणि मनगट माझ्याकडे आलं. निघताना त्या मला म्हणाल्या, "काही अवघड नाही गं. फक्त मोजताना त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही." मला वाटलं, लक्ष विचलित होतं म्हणून सांगतायत. मी आज्ञाधारकपणे भिंतीकडे बघत मोजलं आणि म्हणाले, "एकशे अठ्ठावीस."

काकांनी पेन खाली ठेवलं. तो आठवडा घरावर संकट आल्यासारखा गेला. मासे बंद, चहा बंद, दुपारची झोप बंद. दुसऱ्या रविवारी एकशे एकोणतीस. मग संशय माझ्यावर. मुरमुरे विकणाऱ्या म्हाताऱ्याला अंगणात दहा फेऱ्या मारायला लावल्या, त्याचा एक हात माझ्याकडे, एक काकांकडे. दोघांचा आकडा एकच आला. म्हातारा जाताना म्हणाला, "बाबू, आमार की होयेछे?" मला काय झालंय, असं तो बिचारा विचारत होता. काकांनी त्याला उत्तर दिलं नाही, असं पहिल्यांदाच घडलं.

तिसऱ्या रविवारी मी चहा घेऊन खाली गेले तर सव्वीस वर्षांच्या वह्या जमिनीवर उघड्या पसरलेल्या, आणि मधे काका मांडी घालून बसलेले. "हे बघ बौमा," ते म्हणाले. जुन्या वह्यांत आकडे खालीवर उड्या मारत होते. मग एका वर्षापासून एकदम शहाण्या मुलांसारखे रांगेत. "त्या वर्षी मला टायफॉइड झाला होता. उठल्यावर पहिल्या रविवारी आकडा खूप चढला. त्या धसक्याने मी दोन दिवस जेवलो नव्हतो. पुढच्या रविवारी ही म्हणाली, एकशे चार. मी गल्लीभर संदेश मिठाई वाटली." त्यांनी ती वही मिटली. "निसर्ग इतका गुणी नसतो गं. हे मला प्राध्यापक असून दिसू नये?"

मला रडू यायला लागलं. माझ्यामुळे झालं, असं मी म्हणाले. "तू खरं मोजलंस, रडतेस काय?" काका म्हणाले, आणि तिथेच वह्यांच्या मधे बसून त्यांनी परिषदेला पत्र लिहिलं, निबंध मागे घेतो म्हणून. मागे घेण्याचं कारण त्यांनी लिहिलं नाही. त्यांना हसणाऱ्यांना ते आयतंच मिळालं, आणि काकांनी ते सगळं ऐकून घेतलं. काकू परत आल्या तेव्हा काकांनी त्यांना निबंधाबद्दल सांगितलं, "समितीकडे वेळच नव्हता." जन्मात खोटा आकडा न लिहिलेला माणूस इतकं सराईत खोटं बोलताना बघून मी अवाक झाले.

काकूंनी स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता मला विचारलं, "तू किती सांगितलेस?"

"जितके आले तितके, काकू."

त्यांनी सोललेले दाणे भांड्यात टाकले. मग म्हणाल्या, "बरं केलंस. मला जमलं नाही."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम खाली गेले. काका खुर्चीत बसले, यंत्र थांबलं, काकूंनी मनगट धरलं. या खेपेला त्या सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"एकशे तीस," काकू म्हणाल्या.

काकांनी आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि हात पुढे केला. "तुझा हात दे बघू."

"माझा कशाला? मी कुठे चढउतार केली?"

"दे तर."

गोदीतल्या हमालांपासून मुरमुरेवाल्यापर्यंत सगळ्या कलकत्त्याची नाडी त्या वह्यांमध्ये होती, आणि काकूंची एकदाही नव्हती, हे मला तेव्हा कळलं. बहुतेक काकांनाही तेव्हाच कळलं असावं. काकूंनी पदराला हात पुसून पुढे केला. काका मोजायला लागले. मिनिट झालं, दोन झाली. त्यांचं घड्याळाकडे लक्षच नव्हतं. मला तिथे उभं राहवेना, म्हणून मी वर निघून आले. काकूंचा आकडा किती आला, ते त्यांनी कुठल्याच वहीत लिहिलं नाही.