सात नंबरचा फॉर्म

मीनाक्षीच्या हातात कागद आला की तिचं पेन आपोआप त्याच्या डाव्या कोपऱ्यात जायचं आणि तिथे नंबर पडायचा. सरकारी कचेरीत पंधरा वर्षं टपाल सांभाळलं की असं होतं. धोब्याच्या चिठ्ठीवर नंबर, लग्नपत्रिकेवर नंबर. तिचा नवरा सूर्यकांत चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, ओठ चंबूसारखे करून तिचा आवाज काढायचा, "वरण करायचंय? प्रस्ताव कुठाय? आधी पुट अप करा, मग कुकर लावू!" दिल्लीत आर. के. पुरममधल्या त्यांच्या अख्ख्या जिन्याला हा प्रयोग पाठ होता. मीनाक्षीही हसायची. पण १९८६च्या एप्रिलमध्ये तिचं हसू आटलं.

तिथल्या मराठी मंडळाचा मुलींचा खो-खो संघ होता आणि त्याची बिनपगारी मॅनेजर मीनाक्षी होती. दिल्लीचं एशियाड होऊन साडेतीन वर्षं झाली तरी मंडळाच्या अंगातून खेळ उतरला नव्हता. अध्यक्ष तात्यासाहेब मंत्रालयातून अवर सचिव म्हणून रिटायर झालेले, त्यांनी हंगाम संपल्याबरोबर बैठकीत फर्मान काढलं, "मीनाक्षीबाई, यंदा फीडबॅक घ्या. खेळाडूंचा घ्या, कोचचाही घ्या. सगळं रेकॉर्डवर आलं पाहिजे."

खेळाडू बारा आणि कोच एक. कोच म्हणजे दिनकरराव, फौजेतले निवृत्त हवालदार, गाव सांगलीकडचं. मैदानावर त्यांचा आवाज बस स्टॉपपर्यंत जायचा. "ए पोरी, वरातीत चालतीस व्हय? खांब गाठ, खांब!" संघ त्यांनीच शून्यातून उभा केला होता. कँटोन्मेंटमधल्या जवानांच्या मुली त्यांच्याच शब्दावर खेळायला यायच्या. त्यातली सगळ्यात चपळ होती गिरिजा, नाईक हुद्द्यावरच्या कृष्णात यांची मुलगी, वय चौदा.

फॉर्म वाटताना गिरिजानं मीनाक्षीला बाजूला घेतलं. "ताई, नाव नाही ना लिहायचं? पक्का?"

"नाव नाही."

"पप्पांना कळलं ना मी सरांबद्दल काही लिहिलंय, तर खेळ बंद, यार. बिल्कुल बंद. त्यांच्यासाठी सर म्हणजे देव आहेत."

"देवाशपथ, कुणाला कळणार नाही," मीनाक्षी म्हणाली. आणि ती खरंच बोलत होती.

फक्त फॉर्मवर तिनं नंबर टाकले होते. एक ते बारा. कुणाचा फॉर्म आला, कुणाचा बाकी आहे, हे कळायला नको का? आणि एका वेगळ्या कागदावर यादी होती: एक कुमुद, दोन वृंदा... सात गिरिजा, अशी. ती यादी फक्त तिच्याजवळ राहणार होती.

गुरुवारपर्यंत बाराही फॉर्म आले. अकरांमध्ये 'सर खूप चांगले आहेत', फार तर 'कधी कधी ओरडतात', एवढंच. जणू एकीनं सांगितलं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं. सातव्यात लिहिलं होतं: 'मॅच हरलो की सर तासभर उन्हात उकिडवं बसवतात. पाणी मागितलं तर म्हणतात, जिंकणारे पाणी पितात. वृंदाला चक्कर आली तेव्हा मला भीती वाटली. मीनाक्षीताईंना सगळं दिसतं, पण त्या कधी बोलत नाहीत.'

शेवटची ओळ मीनाक्षीनं चारदा वाचली. खरी होती. प्रत्येक वेळी ती स्कोअरबुकात डोकं खुपसून बसली होती. तो फॉर्म काढून ठेवावा, असं क्षणभर मनात आलं. पण बाराचे अकरा कसे करणार? तिनं बाराही फॉर्म फाइलला लावले आणि शुक्रवारी फाइल तात्यासाहेबांकडे पोचवली.

शनिवारी दुपारी भाजी निवडताना तिचा हात थांबला. यादी. यादी कुठे आहे? पर्समध्ये नव्हती, कपाटात नव्हती. मग आठवलं. सोबतचा कागद सगळ्यात खाली टॅगला लावायचा, ही कचेरीची पद्धत. हातानं तो लावून टाकला होता, डोक्याला विचारलंच नव्हतं.

चपला उलट्यासुलट्या घालून ती तात्यासाहेबांच्या दारात पोचली.

"फाइल?" तात्यासाहेब सावकाश म्हणाले. "ती तर सकाळीच मूव्ह झाली."

"कुठे?"

"दिनकररावांकडे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडे फाइल फॉर कॉमेंट्स जाते. तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?"

"तुम्ही वाचलं सगळं?"

"वरवर. सातमध्ये काहीतरी गंभीर दिसलं. बरं झालं, तो कृष्णात काल्याचा प्रसाद घेऊन आला होता. सायकलवर होता, त्याच्याच हाती दिली."

गिरिजाचं नाव असलेली फाइल गिरिजाच्याच बापाच्या कॅरिअरवर! मीनाक्षीला पुढचं काही ऐकू आलं नाही. बसमध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली तरी ती उभीच राहिली. सिग्नल लागला की ती ड्रायव्हरच्या पाठीकडे अशी बघायची, की शेवटी कंडक्टर म्हणाला, "बहनजी, धक्का लगाऊँ क्या?"

कँटोन्मेंटला लागून असलेल्या गल्लीत दिनकररावांच्या दोन खोल्या होत्या. दार उघडंच होतं. खाटेवर दिनकरराव, मांडीवर फाइल. समोर स्टुलावर कृष्णात, हातात चहाची बशी.

"या मॅडम, या!" दिनकरराव खूश होते. "हौसा, आणखी एक कप टाक! कृष्णातला वाचून दाखवतोय. पोरींनी लई झ्याक लिवलंय. हे बगा सहा नंबर." त्यांनी चक्क मुलीचा आवाज काढला. "'सर खूप चांगले आहेत. कधी कधी ओरडतात.' कधी कधी! ऐकलं का रं?"

कृष्णात एवढा हसला, की बशीतला चहा हिंदकळला.

"दिनकरराव," मीनाक्षी म्हणाली, "ती फाइल जरा..."

पण पान उलटलं गेलं होतं. दिनकररावांचे ओठ हलायला लागले आणि थांबले. त्यांनी पुन्हा वरपासून वाचलं. मग अंगठ्यानं फाइलची पानं सरकवत ते तळाशी गेले. यादीवर बोट फिरलं. सातवर थांबलं.

"काय लिवलंय सातनं?" कृष्णातनं विचारलं. "आमच्या पोरीचा कितवा नंबर असंल?"

आत्ताही स्कोअरबुक असतं, तर मीनाक्षीनं त्यात डोकं घातलं असतं.

"मी सांगते," ती म्हणाली. "त्यात लिहिलंय की मॅनेजरला सगळं दिसतं आणि ती बोलत नाही. ते खरं आहे. म्हणून आज बोलते. दिनकरराव, हरल्यावर मुलींना उन्हात बसवता ते चूक आहे. पाणी देत नाही ते त्याहून चूक. वृंदा पडली तेव्हाच मी म्हणायला हवं होतं."

कृष्णात एकदा बाईंकडे, एकदा सरांकडे बघत होता. दिनकररावांचा चेहरा लाल झाला, मग उतरला.

"आमाला असंच शिकवलं, मॅडम," ते हळू म्हणाले.

"पोरीबाळींस्नी?" आतून हौसाबाईंचा आवाज आला. "भर उन्हात? शरम नाय वाटली व्हय?"

दिनकररावांनी टॅग सोडला, तळाचा कागद काढला, त्याची चार घड्यांची चिठ्ठी केली आणि मीनाक्षीच्या हातात दिली.

"ही तुमची वाण्याची यादी. चुकून लागली जणू."

"आन् सात नंबर?" कृष्णात काही सोडेना. "कुणाची पोरगी बोलली एवढं?"

"नाव नाय त्यावर," दिनकरराव म्हणाले. "चहा पी. गार झाला."

मीनाक्षीनं ती चिठ्ठी परतीच्या बसमध्ये फाडली. तरी महिनाभर जिन्याखाली सायकलची घंटी वाजली, की तिला कृष्णातच वर येतोय असं वाटायचं. तो आला नाही. दिनकररावांचा स्वतःचा फॉर्मही आला नाही. तात्यासाहेबांनी दोन स्मरणपत्रं पाठवली.

नव्या हंगामाच्या पहिल्या दिवशी खांबाशेजारच्या कडुनिंबाखाली एक नवा माठ होता, वर पितळी ओगराळं. दिनकरराव नेहमीसारखे कुमुदवर खेकसत होते, पण माठाकडे पाठ करून.

गिरिजा धापा टाकत मीनाक्षीजवळ आली. "ताई, त्या फॉर्मचं... कुणाला कळलं नाही ना?"

'नाही' म्हणणं किती सोपं होतं. मीनाक्षीनं स्कोअरबुक मिटलं.

"पप्पांना नाही कळलं. सरांना कळलं. माझ्या चुकीनं."

गिरिजाचा चेहरा पांढरा पडला. तिनं वळून सरांच्या पाठीकडे पाहिलं. "मग?"

"मग काय? माठ आला."

गिरिजा माठाकडे गेली, ओगराळं बुडवलं आणि सरांच्या पाठीवरची नजर न काढता घटाघटा पाणी प्यायली.