दिवाळीनंतरचा ताजा मोह

आमच्या गावात भुताच्या जेवढ्या गोष्टी फिरतात, त्यातल्या निम्म्या मीच सोडलेल्या आहेत. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी हे लिहितोय...

गाव चामोर्शीच्या पुढे, जंगलाला लागून. घरामागे मोहाचं झाड. लहानपणी मोठीमाय — माझी थोरली काकू — पहाटे मला उठवून मोहाची पडलेली फुलं वेचायला न्यायची. ती वेचायची, मी खायचो. टोपली कधी भरलीच नाही.

मागच्या दिवाळीत मोठीमाय अंगणात घसरून पडली. जांघेत भयंकर दुखत होतं. मी शहाणा! पाय ताणून ठेवतात असं कुठंतरी ऐकलेलं, म्हणून पायाला दोरीनं वीट लटकवली आणि चार दिवस तिला हलू दिलं नाही. शेवटी चंद्रपूरला नेलं.

स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, "हाडं ठिसूळ झालीत. कमरेच्या हाडाला तडे गेलेत, पण ऑपरेशन नको. दुखण्याची गोळी, हाडांचं औषध, अन् उद्यापासून वॉकर धरून उभं करा. पडून राहिल्या तर छातीत कफ भरेल, मग उठणं कठीण... अन् ही वीट कोणी बांधली?"

"मी."

"गवंडीकाम करता का?"

घरी आणलं, पण मोठीमाय उठेचना. "तूच त म्हने हलू नको. आता काऊन उठू? मी नाई उठत!"

आठ दिवस गेले. खोकला लागला. माझी वीट हिला घेऊन जाते की काय, या विचारानं मला घास उतरेना.

त्या दुपारी औषध घेऊन आलो, तर पलंग रिकामा! मागे धावलो. मोठीमाय झाडाखाली, वॉकर धरून उभी.

"कोनं उठवलं तुले?"

"तुझ्या मोठ्याबाबानं. 'ऊठ वं, सारा मोह अस्वल खाऊन जाईन!' म्हने. नेहमीसारखं."

मोठेबाबा, म्हणजे तिचा नवरा, जाऊन सहा वर्षं झाली होती.

वॉकरला अडकवलेल्या पिशवीत मोहाची फुलं. वाळलेली घरोघरी असतात. ही ताजी, रसानं टच्च. मोह पडतो होळीच्या सुमारास. वर पाहिलं — नुसती पानं. आणि वाकून वेचणं तर तिला शक्यच नव्हतं...

फोटो काढावा, डॉक्टरांना दाखवावं, हे मला नंतर सुचलं. आधी तो वास आला आणि एक फूल तोंडात गेलं. मग दुसरं...

"सारा खाल्ला?" मोठीमाय म्हणाली. "अजून तसाच हायेस रे तू!"

आज ती काठी टेकत परसात फिरते. औषधाचा गुण, डॉक्टर म्हणतात. असेल. पण तो मोह कुठून आला? होता तो पुरावा मी खाल्ला. गोड होता... अगदी तेव्हासारखा.