मंगळवार-शुक्रवारची व्हॅन

बारशाला जा, लग्नाला जा, नाहीतर मयताच्या जेवणाला जा, आमच्या मंडळाचा माणूस दिसला की लोक खुर्ची ओढून जवळ बसतात. "हं, सांगा की व्हॅनचं!" अरे, सांगा काय सांगा! तुम्हाला हसायला येतं. त्या वेळी आमची काय धावपळ झालेली असते, ते कोण बघतंय? समाजसेवेनं पुण्य किती साठतं ते देवाला ठाऊक, पण किस्से मात्र माळ्यावरच्या भांड्यांसारखे साठतात. एक काढायला गेलं की दहा अंगावर येतात.

मंडळ म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्या चर्चमधल्या पुरुषांचं बंधुमंडळ. सणाला काळा कोट घालायचा, खांद्यावरून निळा पट्टा घ्यायचा आणि मिरवणुकीत पुढं चालायचं. एरवी रक्तदान, थंडीत चादरी, अधूनमधून दवाखान्यात फळं. वहीत नावं पुष्कळ, पण हाक मारल्यावर येणारे तिघंच. अध्यक्ष बस्त्याव मामा, मूळचे आजऱ्याकडचे. वय झालं, पण आवाज अजून मैदानातला. दुसरे फिलिप सर. शाळेत पी.टी. शिकवायचे, रिटायर झाले तरी शिट्टी खिशातच. आणि तिसरा मी सायमन, सेक्रेटरी. माझं काम काळजी करणं. ते मला कुणी दिलेलं नाही, पण मी ते चोख करतो.

*

व्हॅन आली ती सेकंडहँड. रुग्णांची ने-आण करायला म्हणून मामांनी कुठूनतरी मिळवली. दार एका बाजूचं उघडायचं, दुसऱ्या बाजूचं मनात आलं तर. मी ब्रेक दाबून बघितला आणि म्हटलं, "मामा, ही थांबत न्हाई!"

"थांबती की. जरा म्होरं जाऊन थांबती."

तरी रंग मारला, बाजूला 'रुग्णसेवा' लिहिलं आणि आशीर्वादाला चर्चसमोर उभी केली. फादरांनी प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी टपावर शिंपडलं, काचेवर शिंपडलं. आम्ही हात जोडून उभे. तेवढ्यात मामा खाली वाकले, चाकाकडं बोट दाखवलं आणि सगळ्या भाविकांसमोर म्हणाले, "फादर, ब्रेकवर जरा जास्त मारा!"

*

दत्तू अण्णा आम्हाला भेटले ते दवाखान्याच्या जिन्यात. आम्ही केळी वाटत होतो. अण्णा पायरीवर डोकं धरून बसलेले आणि त्यांची बायको आक्काताई पदरानं वारा घालत होती. दोघं बिद्रीच्या अलीकडच्या एका खेड्यातली. अण्णांची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिस. यायचं एस.टी.नं, जायचं एस.टी.नं. मशीनवरून उतरल्यावर माणसाच्या अंगात त्राण राहत नाही, आणि त्याच अवस्थेत स्टँडवर उभं राहायचं. मूलबाळ नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं, एक वार चुकला तर अंगात पाणी साठेल, दुसरा चुकला तर ते छातीत जाईल. मग काही खरं नाही.

फिलिप सरांनी कुणाला न विचारता सांगून टाकलं, "पुढच्या वारापासनं आमची व्हॅन येईल." माझ्या डोळ्यांपुढं तो ब्रेक आला.

अण्णांनी मात्र आम्हाला खालवर बघितलं. गळ्यातले क्रूस बघितले. म्हणाले, "पावणं, राग मानू नगासा, पर इचारतो. ह्येच्यापायी धर्म बदलाय लागंल काय?"

मामा भडकले. "आरं, आमाला गाडीचं टायर बदलाय जमंना, तुजा धर्म कुठनं बदलू?"

अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा हसले, असं आक्काताईंनी नंतर सांगितलं.

*

एकदा शुक्रवारी सकाळी आमच्याकडं मयत होती. दफन झालं तेव्हा अण्णांना आणायची वेळ होऊन गेलेली. कपडे बदलायला घरी गेलो असतो तर दवाखान्यात नंबर गेला असता. मी म्हटलं, "चला तसंच!" आणि आम्ही तिघं काळे कोट, निळे पट्टे, पांढरे हातमोजे अशा थाटात अण्णांच्या गल्लीत उतरलो. चेहरे तर पडलेले होतेच, मातीवरून आलेलो.

कट्ट्यावरच्या म्हातारीनं आमच्याकडं बघितलं आणि हंबरडाच फोडला. "दत्तू गेला गं माजा!" शेजारची आली, तिनं सूर धरला. कुणीतरी सोसायटीच्या दूध डेअरीवर सांगावा द्यायला पोरगं पळवलं. मी सांगतोय, "अहो, तसं न्हाई, न्हाई हो!" पण मलाच शंका यायला लागली. म्हटलं, खरंच काही झालं की काय? आपल्याला कळवायचं राहिलं की काय?

तेवढ्यात दार उघडलं. अण्णा गळ्यात टॉवेल टाकून बाहेर आले, गर्दी बघितली आणि काळजीनं मला विचारलं, "कोण गेलं वं?"

त्या दिवसापासून आक्काताईंचा हुकूम आहे. कोट घालून गल्लीत पाय ठेवायचा नाही!

*

व्हॅन घेऊन मामा एकदा दवाखान्याच्या वाटेवर नो एंट्रीत घुसले. हवालदारानं काठी आडवी घातली. मामा म्हणाले, "पेशंट हाय गाडीत."

हवालदार वाकून आत बघायला लागला. अण्णा नुकती दाढी करून, पांढरी टोपी घालून, मिशीला पीळ देऊन ताठ बसलेले. फिलिप सरांना खोकल्याची उबळ आलेली. मी छातीला हात लावलेला, कारण मामा चालवत असले की माझा हात आपोआप तिथं जातो. आणि मामांना दरदरून घाम सुटलेला.

"पेशंट कोण ह्यातला?"

अण्णांनी क्षणाचाही उशीर न लावता मामांकडं बोट केलं. "ह्यो की!"

हवालदार डोक्याला हात लावून म्हणाला, "मग ह्येला गाडी चालवाय कशाला दिलीसा?"

*

अण्णांना पाणी मोजून. दिवसभरात पिऊन पिऊन दोन-तीन पेले, त्यातच चहा, त्यातच आमटी. उन्हाळ्यात तर त्यांच्या ओठांकडं बघवायचं नाही. ईस्टरच्या आधीचा आमचा उपासाचा काळ चाललेला. फिलिप सरांनी चहा सोडलेला आणि ते दर फेरीला गाडीत सांगायचे. डोकं दुखतंय, सकाळी कसंसंच होतंय, पण मी काय चहाला शिवलो नाही!

अण्णांनी बरेच दिवस ऐकून घेतलं. एक दिवस विचारलं, "सर, किती दीस हाय हे तुमचं?"

"चाळीस."

"मग सुटतंय?"

"सुटतं की. ईस्टरला."

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरं हाय."

त्यानंतर सरांनी चहाचं नाव पुन्हा काढलं नाही.

*

माझी गोष्ट सांगतो, हसायचं नाही. मला पहाटेच जाग येते आणि पहिला विचार येतो तो अण्णांचा. रात्री धाप लागली असेल का, पाय सुजले असतील का? बायको म्हणते, "स्वतःची बी.पी.ची गोळी विसरता आणि त्यांची काळजी करता!" पण राहवत नाही. मी उठल्या उठल्या फोन लावतो. सुरुवातीला अण्णा सविस्तर सांगायचे. जेवलो, झोपलो, असं असं. मग कंटाळले. आता फोन उचलतात, मी 'हॅलो' म्हणायच्या आत पलीकडून आवाज येतो, "जिता हाय. ठेव!"

आणि फोन बंद. पण तेवढं ऐकलं की मला चहा गोड लागतो. खरं सांगतो.

*

आता ते पुराचं.

मागच्या एका पावसाळ्यात पाणी असं चढलं की अण्णांच्या गावाचा रस्ताच बुडाला. मंगळवारचा वार चुकला. मी घरात येरझाऱ्या घालतोय, मामा दर तासाला फोन करून मलाच विचारतायत, "पानी उतारलं काय?" जसा काय नदीचा नळ माझ्या हातात आहे!

शुक्रवारी पहाटे मी फोन लावला, तर अण्णांनी नाही, आक्काताईंनी उचलला. "दादा, मालक आडवं हुईनात. रातभर बसूनच श्वास घ्यायल्यात. कायतरी करा."

फिलिप सरांनी बचाववाल्यांना फोन लावून लावून रबरी बोट ठरवली. आम्ही तिघं व्हॅन घेऊन पाण्याच्या अलीकडच्या काठावर जाऊन थांबलो. पाऊस असा की हाताचं बोट दिसेना. मी म्हटलं, "मामा, हेडलाइट चालू ठेवा. बोटवाल्यांना कळू दे कुठं यायचं ते." मामांनी ठेवले. बोट गेली. वेळ काही सरेना. मी देवाला काय काय कबूल केलं, ते इथं सांगत नाही.

शेवटी बोट आली. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले अण्णा, तोंड सुजून डोळे बारीक झालेले, आणि त्यांना मागून धरून बसलेल्या आक्काताई. आम्ही उचलून त्यांना व्हॅनमध्ये घेतलं. दम खात खात अण्णा म्हणाले, "आत बी पानी... भाईर बी पानी..."

मामांनी चावी फिरवली. टक्!

परत फिरवली. टक्!

मेली बॅटरी. तास-दोन तास हेडलाइट जळत ठेवल्यावर दुसरं काय होणार? आणि ते ठेवायला सांगितलं कुणी? मी! माझं स्वतःचं बॅटरीचं दुकान आहे हो, लक्ष्मीपुरीच्या अंगाला! आख्खा जन्म लोकांना सांगण्यात गेला, गाडी उभी असताना लाइट जाळू नका. त्या चिखलात मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

"बघतोस काय? ढकल!" सर ओरडले आणि त्यांनी शिट्टी काढली. शिट्टीच्या तालावर आम्ही ढकलायला लागलो. मी, सर, बोटवाले, बघायला आलेले दोघं-तिघं. शेजारी बघतो तर आक्काताई! चपला कधीच गेलेल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट केलेला आणि खांदा व्हॅनला लावलेला. एक हिसका, दोन हिसके, आणि व्हॅन धडाडली! आम्ही आरोळी ठोकली.

आणि व्हॅन निघून गेली.

म्हणजे गेलीच! मामा स्टेअरिंगवर, मागं एकटे अण्णा, आणि मी, सर, आक्काताई रस्त्यावर चिखलात. मी ओरडतोय, सर शिट्टी मारतायत, व्हॅन वळणापलीकडं गेलीसुद्धा. मी फोन लावला. "मामा, थांबा! आम्ही राहिलो!"

"थांबलो तर परत चालू हुईल काय? बॅटरीवाला तू हाईस, तूच सांग!"

आक्काताईंनी माझ्या हातातनं फोन ओढून घेतला. आवाज खणखणीत. "मामा, आमच्यासाठनं थांबू नगा! निगा तुमी!"

दुधाच्या टेम्पोत बसून आम्ही मागून निघालो. सगळ्या वाटेत आक्काताई पुढच्या रस्त्यावर नजर लावून बसल्या. माझ्या डोक्यात मात्र काय काय येत होतं. अण्णा मागं एकटे. श्वास अडकला तर धरायला कुणी नाही. मामांना मागं वळून बघता येणार नाही. आणि बघितलं तरी करणार काय? मी आयुष्यात पुष्कळ घाबरलोय, पण त्या टेम्पोत घाबरलो तसा कधी नाही.

दवाखान्याच्या गेटपाशी उतरलो, तर समोर आमची व्हॅन उभी. इंजिन चालू, मामा स्टेअरिंगवर. म्हटलं, हे अजून गाडीतच का? मी पळत जाऊन मागं डोकावलो. मागं कुणी नव्हतं. ओला प्लॅस्टिकचा कागद तेवढा पडलेला.

आक्काताई आणि सर जिन्याकडं धावले. मी मामांच्या खिडकीशी गेलो. "अण्णा कुठं आहेत?"

"वर नेलं पोरांनी. खुर्चीतनं."

"कसे होते? बोलत होते का?"

वॉचमन येऊन माझ्यावर खेकसला, "ह्यांना सांगा ओ, गाडी बंद करा म्हणून. मगाधरनं सांगतोय, ऐकत न्हाईत. सगळ्या आवारात धूर केलाय!"

"मामा, तुम्ही वर गेला न्हाई?"

"न्हाय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. वरून फिलिप सरांचा. मी फोन कानाला लावला, आणि मामांनी तोंड पलीकडं फिरवून ॲक्सिलरेटर असा दाबला की मला सरांचं काही ऐकू येईना. मी लांब पळालो, दुसऱ्या कानात बोट घातलं. सर सांगत होते, "मशीनवर घेतलंय! धाप बसलीय. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आला. आणि अण्णा मामांना शिव्या घालतायत, खड्डे चुकवले न्हाईत म्हणून!"

मी परत आलो आणि मामांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. मामांनी पाय काढला. दोन्ही हात अजून स्टेअरिंगवर घट्ट होते.

मी म्हटलं, "मामा, झालं की आता. बंद करा गाडी."

"बंद?" मामा माझ्यावरच डाफरले. "आनि त्येला परत न्यायचं न्हाय व्हय?"