कुंकवाची जाहिरात

आमचं कुंकू खपेना. गिरगावात आजेसासऱ्यांनी सुरू केलेला धंदा, हळदीचं अस्सल कुंकू, आणि दादरचे दुकानदार डब्या परत पाठवायला लागले. हल्लीच्या पोरी एक तर टिकली लावणार, नाही तर काहीच नाही. त्यात आमच्या संक्रांतीच्या जाहिरातीखाली कुठल्याशा बयेने लिहिलं, "सवाष्णींनीच लावायचं का? कुठल्या जमान्यात आहात?" तिचंच कौतुक सगळीकडे.

नवरा डोकं धरून बसला. मी म्हटलं, "मग विधवांना विकू."

ओळसुद्धा मीच लिहिली : 'कुंकू तिचं, हक्क तिचा.' जाहिरातवाल्यांनी एक मॉडेल आणली. पांढरी साडी, डोळ्यांत थेंब. नाटकी नुसती! खरी विधवा घरात असताना भाड्याची कशाला, म्हटलं, आणि सासूबाईंना पुढे केलं. सासरे जाऊन आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून दर हळदीकुंकवाला त्या स्वयंपाकघरात बसून तिळाचे लाडू वळायच्या आणि बायका गेल्या की बाहेर यायच्या. या बाहेर, असं त्यांना मीही कधी म्हटलं नव्हतं.

"नको गं, लोक काय म्हणतील?" त्या म्हणत राहिल्या. दोन दिवस गोड बोलून त्यांना पटवलं. जग बदललंय आई, वगैरे.

शूटिंगला मी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि त्या ढसाढसा रडल्या. दिग्दर्शक खूश. पण उजेड चुकला होता, म्हणून पुसलं, परत लावलं. असं चारदा. शेवटी रडू येईना, तेव्हा मीच त्यांच्या कानाशी लागले, "बाबांची आठवण काढा." आलं की लगेच!

जाहिरात धोधो चालली. डब्या परत पाठवणारेच फोन करून माल मागायला लागले. सासूबाई मात्र बदलल्या. आरशासमोर रेंगाळायच्या. थोरल्या चुलतसासूंच्या नातवाचं नुकतंच लग्न झालं होतं. एक दिवस मला म्हणतात, "यंदा मीही बाहेर बसेन हं. नव्या नातसुनेला कुंकू मीच लावीन." मी हसून सोडून दिलं. मनावर घेतील असं वाटलं नव्हतं.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी त्या खरंच बाहेर आल्या. शूटिंगची हिरवी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात करंडा. थेट नव्या नवरीसमोर जाऊन वाकल्या. चुलतसासूंनी त्या पोरीचा दंड धरून तिला मागे ओढलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, सासूबाईसुद्धा. जाहिरात लिहिणारी मीच ना! 'लावू द्या', एवढंच म्हणायचं होतं.

"आई," मी म्हटलं, "शूटिंग संपलं."

दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. लाज वाटली का मला? वाटली. पण उद्या त्या पोरीच्या संसारात काही बरंवाईट झालं, तर खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं. आणि खरं सांगायचं तर अपशकुनाची भीती मलाही वाटत होती.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "पण तूच लावलं होतंस ना गं?"

मी करंडा त्यांच्या हातातून काढून घेतला. त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी नवरीला कुंकू लावलं आणि म्हटलं, "घे बाई उखाणा. नवऱ्याचं नाव जरा मोठ्याने घे."