उसात पडलेलं रॉकेट आणि फिर्यादीचा बांध

कऱ्हाड तालुक्यातलं ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं उठतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, ऊसतोड जोरात चालू होती. मी ठाण्याचा प्रभारी निरीक्षक. सकाळच्या हजेरीतच एका पोलीस पाटलाचा फोन आला, "सायेब, उसात बॉम्ब पडलाय. वायरी हायत, वर छत्रीबी हाय. लवकर या."

पोचलो तर अर्धं गाव शेतात. त्या गावात घरटी एक माणूस फौजेतला, त्यामुळे आमच्याआधीच बंदोबस्त झालेला! निवृत्त हवालदार-सुभेदारांनी खताच्या पोत्यांत माती भरून त्या वस्तूभोवती मोर्चा रचला होता, आणि तो कुणाच्या हुकमाने हलवायचा यावर त्यांचीच हमरीतुमरी चालली होती. मला कुणी विचारीना. शेवटी बॉम्बशोधक पथक आलं, दिसेल ती वायर कापली. नळकांड्यातून निघालं काय? बॅटऱ्या, एक सर्किट आणि रोलचा साधा कॅमेरा.

पण ज्याच्या उसात ते पडलं तो बागायतदार हटून बसला. "बॉम्बच हाय. गुन्हा नोंदवा." वरिष्ठांपर्यंत त्याची ओळख, त्यामुळे मला फोनवर फोन.

संध्याकाळी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी वडिलांना घेऊन ठाण्यात आली. ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "सर, हिचं रॉकेट हरवलंय म्हणते." मी कपाळावर हात मारला. आरोपी स्वतःच तक्रार द्यायला आलेला माझ्या नोकरीत तो पहिलाच.

चौकशीत माणूस बोलत नाही ही नेहमीची अडचण. इथे बाईसाहेबांना थांबवायचं कसं, ही अडचण. इंधनात साखर घातली, माळावरून सोडलं, वर गेल्यावर छत्री उघडली, कॅमेरा आपोआप फोटो काढत होता, वाऱ्याने उसाकडे गेलं.

"परवानगी?"

"कुणाची घ्यायची असते, सर?"

याचं उत्तर मलाही पटकन देता येईना, म्हणून मी आवाज चढवला. त्याचा काही परिणाम झाला नाही. वायरी कापल्याचं कळलं तेव्हा मात्र ती रडकुंडीला आली. "किती उंच गेलं ते त्या सर्किटातच होतं, सर! बॅटरी तुटली की सगळं पुसलं जातं! आता कळणारच नाही!"

"अगं बाई, तुझ्यावर स्फोटकांचा गुन्हा लागायची वेळ आलीय आणि तू उंची कसली मोजतेस?"

तिचे वडील, शेतकरी माणूस, हात जोडून म्हणाले, "सायेब, सरकारी संशोधन केंद्रात निवड झालीया तिची. पोलीस पडताळणी तेवढी ऱ्हायलीया. केस पडली तर पोरीचं समदं मातीत जाईल." मुलगी खोटं बोलत नव्हती, हे मला दिसत होतं. पण फिर्यादी मागे हटेना.

दुसऱ्या दिवशी तो नवीनच काढून आला. "सायेब, धरणाचं फोटू काढलं असतील हिनं. रोल धुवा, पंचांसमोर उघडा." धरण कुठे, तो माळ कुठे! पण वरूनही तेच सांगणं आलं. रोल धुवायला दिला. पंच म्हणून बागायतदाराने आपलाच चुलतभाऊ आणून बसवला. शेजारचं रान त्याचं.

फोटो टेबलावर मांडले. धरणाचा पत्ता नाही. बहुतेकांत नुसतं आकाश. एकात कृष्णा-कोयनेचा संगम इतका देखणा आला होता की क्षणभर मी ठाण्यात आहे हे विसरलो. शेवटच्या फोटोत खालची रानं होती. एका बाजूचा ऊस तुटलेला, दुसरीकडे उभा, त्यामुळे मधला बांध स्वच्छ दिसत होता.

पंच वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, ह्यो बांध पोट काढल्यागत माझ्या रानात कसा आलाय रं?"

दरसाल नांगरताना बांध थोडा थोडा कोरायचा, ही आमच्याकडची जुनी खोड. जमिनीवर उभं राहिलं तर कळतही नाही. वरून सगळं दिसतं.

"आरं, वाऱ्यानं कॅमेरा हालला आसंल."

"आन् तुझाच तेवढा बांध वाकला व्हय?"

माझ्या केबिनमध्ये भाऊबंदकी सुरू! गचांड्या धरल्या, खुर्ची पडली. दोघांना सोडवायला हवालदार बोलवावे लागले. मग बागायतदाराने मला बाजूला घेतलं. "सायेब, पोरगीच हाय. जाऊ द्या. तेवढा फोटू फाडून टाका."

माझा संयम सुटला. "पंचांनी बघितलेला फोटो मी फाडू? बॉम्ब झाला, धरण झालं, माझं डोकं खाल्लंत! आता मुकाट जबाब द्या. बॉम्ब नव्हता, नुकसान नाही, तक्रार नाही." त्याने सही केली. फोटो कागदांना जोडला. चुलतभावाने नक्कल मागण्याचा अर्ज तिथेच बसून लिहिला.

मुलीला सक्त ताकीद देऊन सोडलं, स्टेशन डायरीत नोंद घेतली. गुन्हा दाखल करायला आधारच उरला नव्हता.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. फिर्यादी फारच तावातावाने बोलू लागला की मी आधी त्याच्या रानात चक्कर मारून यायचो. बऱ्याचदा निम्मा तपास तिथेच व्हायचा.

काही दिवसांनी त्या मुलीच्या पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर आला. शेऱ्याच्या जागी 'निरंक' लिहिलं, सही ठोकली आणि शिपायाला म्हटलं, "हा आत्ताच्या आत्ता पाठव. उद्यापर्यंत ठेवला तर त्या गावातून आणखी कुणीतरी फिर्याद घेऊन यायचं."