कोटाला बुरा आला

मैत्रिणींनो, आज पेटी उघडली तर ह्यांच्या काळ्या कोटावर पांढरी भुकटी. साखऱ्याला दिलेली माझी लेक फोनवर म्हणाली, "बुरशी हाय ती आई, फेकून दे."

मी घाबरून शेजारच्या नसीमभाभीला हाक मारली, "भाभी, ह्यांच्या कोटाला बुरा आला!"

"बुरा तो लगेगाच! भाईसाब गए तबसे पेटी में बंद रखे तुम उसकू."

दोघी पोट धरून हसलो. मग मी कोरड्या फडक्यानं पुसलं. बुरा वरवर बसतो, बुरशी आत शिरून कापड खाते, असं वाचलं होतं. भुकटी गेली, कापड शाबूत!

"अब धो डालो," भाभी म्हणाली. तेवढं नाही केलं. खिशाला अजून त्यांच्या तंबाखूचा वास आहे. त्याच वासावरून मी जन्मभर भांडले.

तुमच्या घरात असं न धुतलेलं काय आहे?