दुर्बिणीतली कमान
शिलाई मशिनला तेल घातलं, की त्या वासानं मी लढाईच्या दिवसांत, नगरच्या छावणीतल्या बंदुकांच्या कारखान्यात जातो. रायफलीवर दुर्बीण बसवली, की मागचा बोल्ट काढून मी मोकळ्या नळीतून डोंगरावरच्या चांदबिबीच्या महालाची कमान धरायचो आणि मग तीच दुर्बिणीत बघायचो; दोन्हीत कमान जुळली, तरच नेम बरोबर लागणार. त्या दिवशी नळीत कमान होती, दुर्बिणीत नुसता खडक. दुर्बिणीची पकड सोडवून पुन्हा आवळली, तरी खडकच. ती रायफल घेऊन संध्याकाळच्या गाडीनं आघाडीवर जाणारा शेवगावचा शिपाई दारातच उभा होता. शेवटी पकडीखाली केसाएवढी लोखंडाची कपची सापडली. ती काढल्यावर कमान जुळली. “बसली न्हवं नीट?” त्यानं विचारलं. “व्हय,” मी म्हणालो. त्याचं पुढं काय झालं, कधी कळलं नाही. अजून महाल दिसला, की मी एक डोळा मिटतो आणि कमान जागेवर आहे ना, ते बघतो.